हात बसला की भीती जाते



जव्हार आणि मोखाड्याच्या मधल्या एका पाड्यावरून आलेलं पत्र आज तुमच्यापुढे ठेवते. लिहिणारी सूनबाई दहावी झालेली आहे. घरी पाच शेळ्या आणि थोड्या गावठी कोंबड्या. बचतगटाने तिचं नाव पशुसखीच्या प्रशिक्षणासाठी दिलं. ती लिहिते, "ताई, वर्गात सगळं समजलं, वहीभर लिहून घेतलं. पण सुई हातात दिली आणि हात थरथरायला लागला. सासूबाई म्हणतात, बाईमाणसाने जनावराला टोचायचं काम आम्ही कधी ऐकलं नाही. मला हे जमेल का? आणि हात बसवायचा तरी कुठे? आजारी शेळीवर शिकायचं म्हणजे बिचारीच्या जिवाशी खेळ."

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. जिला असं वाटतं, ती या कामाला लायक आहे असं खुशाल समजावं. तिच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. आजारी शेळीवर शिकायचंच नाही. निरोगी शेळीवर शिकायचं, रोज शिकायचं, आणि आजारी शेळी समोर येईल तेव्हा हात आधीच तयार असायला हवा. पोळी लाटायला आपण पाहुण्यांच्या पंगतीत शिकलो नाही. घरच्या चार माणसांत वेड्यावाकड्या पोळ्या केल्या, मग पंगतीला उभ्या राहिलो. तसंच हे.

शहरातल्या मैत्रिणी म्हणतील, शेळीचं एवढं काय? जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात भात, नागली, वरई होते आणि दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर नाहीतर मजुरीला भिवंडी, वसईकडे जातात. शेळी म्हणजे तिथल्या बाईचा डबा आहे, जसा आपल्याकडे डाळीच्या डब्यात नोटा दडवलेल्या असतात तसा. मूल आजारी पडलं, शाळेचा खर्च आला, लग्नकार्य निघालं की एक बोकड बाजारात जातो. कोंबडीच्या अंड्यावर घरातल्या लेकराचं पोषण असतं. याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२ साली सगळा महाराष्ट्र हादरला होता. अशा ठिकाणी एका रात्रीत चार शेळ्या मेल्या, तर ती काही केवळ गोठ्यातली गोष्ट राहत नाही, चुलीपर्यंत येते. म्हणून पाड्यावरच कुणीतरी जाणती असावी. दवाखाना तालुक्याला, पावसात ओढे भरलेले, आणि शेळीला तर संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ नसतो.

ही जाणती म्हणजे पशुसखी. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून गावोगाव अशा बायका तयार झाल्या आहेत. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनापर्यंत शिकवलं. लोक त्यांना शेळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. तेव्हा "कधी ऐकलं नाही" असं म्हणणाऱ्या सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा. आणि एक सांगू का? तुमच्या पहिल्या शिक्षिका सासूबाईच आहेत. कुठली शेळी चरायला निघताना मागे राहते, कुठलीने काल रवंथ केली नाही, हे त्यांना न मोजता कळतं. त्यांची नजर आणि तुमची वही एकत्र आली की निम्मं काम झालं.

आता क्रमाने पाहू.

आधी डोळे, मग हात

शेळीला हात लावण्यापूर्वी दहा पावलांवरून पाच मिनिटं नुसतं बघायचं. कळपात आहे की एकटी? कान कसे? पाय टेकते का? रवंथ चालू आहे का? लेंड्या सुट्या आहेत की चिकट? शेपटीखाली घाण लागली आहे का? आपण जवळ गेलो की जनावर बिचकतं, त्याचा श्वास वाढतो आणि खरं चित्र झाकलं जातं. म्हणून श्वास लांबूनच मोजायचा. बरगडीमागचा भाग वर-खाली होतो तो पाहायचा. निरोगी शेळी शांत उभी असताना मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा श्वास घेते.

मग जवळ जा. नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते. दोन बोटं हलकेच ठेवा, अंगठा नको, कारण अंगठ्यात आपलीच नाडी जाणवते. शेळीची नाडी मिनिटाला ७० ते ९०. गाईची नाडी शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला मिळते.

नंतर डावी भकाळी. बरगड्या संपतात तिथला खळगा. तिथे मूठ दाबून धरा आणि घड्याळ बघा. कोठीपोट मिनिटाला एक-दोनदा मुठीला आतून ढकलतं. आरामात बसलेली मांजर घुरघुरते ना, तसं काहीतरी आत चाललंय असं वाटेल. हा ठोका एकदा ओळखीचा झाला की पोट बंद पडलेली शेळी तुम्हाला मुठीनेच कळेल, पुस्तक उघडावं लागणार नाही.

ताप बघायचा थर्मामीटर वेगळा ठेवा, घरातल्या मुलांचा नको. पाऱ्याचा असेल तर झटकून पारा खाली आणा, टोकाला थोडं तेल लावा, गुदद्वारात हळूच सरकवा आणि टोक आतल्या भिंतीला टेकेल असं धरा. मधोमध राहिला तर लेंड्यांचं तापमान येतं, शेळीचं नाही. दोन मिनिटं थांबा. थर्मामीटरच्या मागच्या टोकाला दोरा आणि दोऱ्याला कपडे वाळत घालायचा चिमटा बांधून तो शेपटीच्या केसांना लावला, तर पडायची भीती नाही. शेळीचं तापमान साधारण १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असतं. आपल्या हिशेबाने हा चांगलाच ताप, पण शेळीचं ते नेहमीचंच. गाईचं १०१ ते १०२.५, कोंबडीचं तर १०५च्याही पुढे. म्हणूनच हात लावून "अंग गरम लागतंय" एवढ्यावर औषध द्यायचं नाही. सकाळी सावलीत मोजा, दुपारी उन्हातून आलेल्या शेळीचं मोजू नका.

शेवटी डोळा. खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढा. आतला रंग लालसर-गुलाबी हवा. फिकट, पांढरट दिसला तर रक्त कमी आहे, आणि शेळ्यांत त्याचं मोठं कारण म्हणजे पोटातले रक्तपिपासू जंत. दक्षिण आफ्रिकेत फाफा मालन नावाच्या पशुवैद्यांच्या कामातून यासाठी पाच रंगांचं एक कार्ड तयार झालं, त्याला त्यांच्याच नावावरून 'फामाचा' म्हणतात. पापणीशी रंग ताडून बघायचा, आणि ज्या शेळीला गरज आहे तिलाच जंताचं औषध. सरसकट सगळ्या कळपाला वरचेवर पाजत राहिलं तर जंत औषधाला दाद देईनासे होतात.

एक महिनाभर रोज सकाळी घरच्या एका निरोगी शेळीचं हे सगळं वहीत लिहा. तारीख, श्वास, नाडी, पोटाचे ठोके, ताप, पापणीचा रंग. तीस दिवसांनी तुम्हाला निरोगी शेळी पाठ झालेली असेल. आजार म्हणजे त्या पाठात पडलेली चूक, ती आपोआप डोळ्यांत भरेल.

धरता आलं पाहिजे

नवशिक्यांची अर्धी फजिती सुईमुळे होत नाही, जनावर नीट न धरल्यामुळे होते. शेळीला कानाला, पायाला धरून ओढू नका. भिंतीच्या कडेला घ्या, एक हात हनुवटीखाली, दुसरा मागे. मोठी शेळी असेल तर तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहा आणि गुडघ्यांनी खांदे हलके दाबून धरा. गाईम्हशीला दवाखान्यातला खोडा असतो. पाड्यावर खोडा नसेल तर झाडाला आखूड दावं आणि ओळखीचा माणूस डोक्याशी. लाथ बसेल अशा ठिकाणी, म्हणजे थेट मागे, कधीच उभं राहायचं नाही. बोलत राहा. आवाज ओळखीचा झाला की जनावर निम्मं शांत होतं.

साडी-लुगडं नेसून हे काम करायचं तर पदर घट्ट खोचा, बांगड्या वर सारा, नखं कापलेली हवीत.

पाजताना घाई नको

जनावराला औषध पाजणं सगळ्यांनाच सोपं वाटतं, आणि सगळ्यात जास्त घात तिथेच होतो. शेळीचं तोंड आभाळाकडे करून बाटली ओतली की औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं. शेळी दोन दिवसांनी फुप्फुसाच्या दाहाने मरते आणि लोक म्हणतात, औषध लागू पडलं नाही. म्हणून डोकं जमिनीला समांतर, फार तर किंचित वर. समोरचे दात आणि दाढा यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून सिरिंजचं तोंड आत घाला आणि घोटाघोटाने द्या. गिळताना गळा हललेला दिसला की पुढचा घोट. खोकली तर ताबडतोब थांबा, डोकं खाली सोडा. सरावासाठी आठवडाभर नुसतं गुळाचं पाणी थोडं थोडं पाजून बघा. शेळीलाही आवडेल.

मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नाही. पाड्यावर वजनकाटा कुठला? पण शिवणाची टेप आहे ना! पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि त्याला ६६० ने भागा, उत्तर किलोत येतं. उदाहरणार्थ घेर २६ इंच, लांबी २४ इंच. २६ गुणिले २६ म्हणजे ६७६, त्याला २४ ने गुणलं की १६,२२४, आणि ६६० ने भागलं की साडेचोवीस किलो. घरच्या सगळ्या शेळ्यांची वजनं अशी काढून ठेवा. डोळ्यांना सवय होईल आणि बाजारात बोकड विकताना व्यापाऱ्यापुढेही हा हिशेब कामी येईल, हा वरचा फायदा.

सुई धरायची भीती

आता त्या थरथरणाऱ्या हाताकडे येऊ. पहिले आठ दिवस सुई जनावराला लावूच नका. स्वच्छ पाणी, एक सिरिंज आणि एक मोसंबं घ्या. सालीतून सुई आत जातानाचा अडथळा आणि मग एकदम सैल होणं, हे बोटांना कळू द्या. बाटलीतून औषध ओढायचा सराव करा: जेवढं औषध काढायचं तेवढीच हवा आधी बाटलीत सोडायची, बाटली उलटी धरायची, औषध ओढायचं, सिरिंज उभी धरून टिचकी मारायची आणि बुडबुडा बाहेर काढायचा. पन्नास वेळा करा. मग हात थरथरायचा थांबतो, कारण पुढे काय करायचं याचा विचार करावा लागत नाही.

त्यानंतर शिकवणाऱ्या डॉक्टरांसमोर, त्यांची नजर असताना, निरोगी शेळीला लस. बहुतेक लशी कातडीखाली देतात. मानेच्या बाजूची किंवा कोपराच्या मागची सैल कातडी चिमटीत धरून वर उचला, छोटा तंबू होतो. तंबूच्या पायथ्याशी सुई आडवी घाला. ती आत मोकळी हलली पाहिजे. दट्ट्या जरा मागे ओढून पाहा. रक्त आलं तर जागा बदला. स्नायूत द्यायचं इंजेक्शन शेळीला मानेच्या स्नायूत द्यावं. मांडीत मोठी नस असते, ती दुखावली तर शेळी लंगडी होते.

प्रत्येक जनावराला नवी सुई. सुया वाचवून पैसे वाचतात असं वाटतं, पण एकीचा रोग आपण स्वतःच दुसरीला नेऊन देतो. वापरलेल्या सुया जाड झाकणाच्या डब्यात भरून दवाखान्यात परत द्या, उकिरड्यावर टाकू नका. तिथे पोरं खेळतात.

लस म्हणजे दूध समजा

उन्हात ठेवलेलं दूध नासतं ते दिसतं, वास येतो. लस नासते तेव्हा काहीच दिसत नाही. रंग तोच, बाटली तीच, फक्त गुण गेलेला. आपण टोचतो, निर्धास्त होतो, आणि साथ आली की शेळ्या मरतात. मग "लस टोचूनही मेल्या" असं पाड्यावर पसरलं की पुढच्या वर्षी कुणी शेळी धरू देत नाही. म्हणून दवाखान्यातून निघताना थर्मास आणि बर्फ हवाच. लस साधारण २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायची, फ्रिज असेल तर दारात नाही, आतल्या कप्प्यात. पीपीआरची लस पावडरच्या रूपात असते. सोबतच्या पाण्यात ती कालवली की सावलीत, बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवायची. उरली तर टाकून द्यायची, उद्यासाठी ठेवायची नाही. अशा जिवंत लशीची सिरिंज डेटॉलसारख्या द्रवात बुडवली तर लसच मरते, हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणूनच आधी घरं ठरवा, शेळ्या सकाळी चरायला सुटण्यापूर्वी बांधून ठेवायला सांगा, आणि मगच बाटली फोडा.

केव्हा काय द्यायचं त्याचं वेळापत्रक दवाखान्यातून लिहून आणा आणि चुलीजवळच्या भिंतीवर लावा. मोटामोटी लक्षात ठेवण्यासारखं असं: शेळ्यांना आंत्रविषाराची आणि गाईबैलांना घटसर्प-फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वी. पीपीआर करडू तीन-चार महिन्यांचं झालं की. कोंबडीच्या पिलांना मानमोडीची, म्हणजे राणीखेतची 'लासोटा' लस पहिल्या आठवड्यात, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. यात सुईसुद्धा नाही, तेव्हा नवशिकीने सुरुवात इथूनच करावी. आणि माणसं स्थलांतराला निघण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आत, राहिलेली जनावरं गाठा. नंतर घराला कुलूप आणि शेळ्या म्हाताऱ्या आजीच्या स्वाधीन, मग धरून देणार कोण?

या लशीची एक गोष्ट सांगते. पूर्वी गुरांना बुळकांडी नावाचा भयंकर रोग होई, गोठेच्या गोठे रिकामे होत. जनावरांच्या रोगांचा अभ्यास करायला सरकारने १८८९ साली एक प्रयोगशाळा काढली, ती आपल्या पुण्यात. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली, आणि तीच आजची भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था. भारत २००६ साली बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सगळं जगच. शेवटच्या टप्प्यात इथिओपिया आणि सुदानच्या दुर्गम भागांत, जिथे डॉक्टर पोचू शकत नव्हते, तिथे हा रोग हटवला तो लस टोचायला शिकवलेल्या गुराख्यांनी. त्यातल्या कितीतरी जणांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. आता शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर २०३० पर्यंत जगातून घालवायचा जागतिक संस्थांचा संकल्प आहे, आणि भारतात वापरली जाणारी त्याची एक प्रमुख लस त्याच मुक्तेश्वरला तयार झाली. तेव्हा मोखाड्याच्या पाड्यावर थर्मास घेऊन चाललेली बाई किती मोठ्या कामाला हात लावते आहे, हे तिने मनात धरावं.

आपला जीव आधी

जनावरांचे काही रोग माणसाला होतात, म्हणून हे नीट वाचा.

गाभडलेल्या शेळीची किंवा गाईची वार, मेलेलं करडू, तिथलं पाणी यांना उघड्या हाताने शिवायचं नाही. हातमोजे घाला, नसतील तर जाड प्लॅस्टिकची पिशवी तरी. त्यातून जडणारा ब्रुसेला नावाचा रोग माणसाला महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी देतो. पोटुशी बाईने तर हे काम दुसऱ्यावरच सोपवावं. कालवडींना देण्याची ब्रुसेलाची लससुद्धा जिवंत जंतूंची असते, ती डॉक्टरांनाच देऊ द्या.

लाळ गळते, आवाज बदललाय, गिळता येत नाही अशा जनावराच्या तोंडात "घशात काही अडकलंय का" म्हणून हात घालू नका. पिसाळीचा रोग असू शकतो. लाळ जखमेला लागली किंवा चावा बसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू करा.

जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून काळसर रक्त आलं तर ते फाडायचं नाही, सोलायचं नाही, मांस वाटायचं नाही. ती काळपुळी असू शकते. डॉक्टरांना कळवा.

कुठे थांबायचं

चांगल्या मदतनिसाला आपली हद्द माहीत असते. कायदाही तेच सांगतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार इलाज करण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकाचा. किरकोळ सेवासुद्धा प्रमाणपत्रधारकांनी त्यांच्या देखरेखीखालीच द्यायच्या. जखम धुणं, पट्टी, नाळेला आयोडीन लावणं, जंताचं औषध, लस, खुर कापणं, ताप मोजून कळवणं हे तुमचं काम, तेही शिकवलं आहे तेवढंच. प्रतिजैविकाची इंजेक्शनं मनाने द्यायची नाहीत, दुकानदार देत असला तरी. चुकीची मात्रा दिली की रोग दबतो, जातो असं नाही, आणि औषधाचा अंश दुधातून घरच्याच लेकरांच्या पोटात जातो.

शेळी जोराच्या कळा देते आहे आणि अर्धा-पाऊण तास झाला तरी करडू पुढे सरकत नाही, तर ओढाओढ नको, फोन करा. डावं पोट ढोलासारखं फुगलंय आणि शेळीला श्वास घेता येत नाही, फोन करा. ताप १०५च्या वर आहे, एकाच दिवशी दोन-तीन जनावरं पडली आहेत, फोन करा. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा बिनपैशाचा क्रमांक आहे. दवाखान्यातल्या डॉक्टरांचाही क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. आणि फोनवर "शेळी बरी नाही" एवढंच सांगू नका. "तीन वर्षांची, तीन महिन्यांची गाभण, काल संध्याकाळपासून रवंथ नाही, ताप १०५, श्वास ४५, पापणी फिकट" असं सांगा. असं बोलणारी बाई पलीकडे असली की डॉक्टर निम्मा इलाज फोनवरच सांगू शकतात. महिनाभर लिहिलेल्या वहीचं मोल तेव्हा कळतं.

पुढे शिकायची हौस असेल तर नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पदविका अभ्यासक्रम आहेत. डहाणू तालुक्यात कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. प्रवेशाच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. आणि दवाखान्यात लसीकरणाचं शिबिर असलं की न बोलावता जा. शेळ्या धरायला हात लागतातच. धरता धरता बघायचं, बघता बघता विचारायचं.

राहिला पैशाचा प्रश्न. पाड्यावर सगळे नात्यातले, पैसे मागायचे कसे, असं पुष्कळजणींना वाटतं. गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर दर ठरवून घ्या: लशीला इतके, जंताच्या औषधाला इतके, कोंबडीच्या थेंबाला इतके. पैसे नसतील तिने अंडी द्यावीत, नागली द्यावी. पण फुकट नको. फुकटच्या कामाला लोक वेळेवर शेळी बांधून ठेवत नाहीत, आणि तुमची लस मात्र बर्फाबाहेर तापत राहते.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यापूर्वी शेळ्यांचा गोठा कोरडा कसा ठेवावा, भाताच्या खाचरातल्या गोगलगाईंमुळे होणारा यकृतकृमीचा त्रास कसा टाळावा, हे सांगेन. तोवर शिवणाची टेप काढा आणि पहिल्या शेळीचं वजन करून मला कळवा.